कुलगुरू साहेब, सेशनचा स्क्रीनशॉट मी पाठवणार नाही

माननीय कुलगुरू साहेब, विद्यार्थी विकास विभागाचे संचालक साहेब, आणि आयक्यूएसीत, म्हणजे गुणवत्ता बघणाऱ्या कक्षात, बसून परिपत्रकं काढणारे सगळे सर-मॅडम, नमस्कार.

मी तुमच्याच विद्यापीठाची कंत्राटी समुपदेशक. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावात राहते, पाच कॉलेजं माझ्याकडे आहेत, दोन एका टोकाला नि तीन दुसऱ्या टोकाला, त्यामुळे अर्ध्याच्या वर काम फोनवर नाहीतर व्हिडिओ कॉलवरच चालते. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. एक तर मला कोणाची बदनामी करायची नाही, आणि दुसरं म्हणजे आमचा समुपदेशकांचा जो व्हॉट्सॲप ग्रुप आहे त्यात धारणीची आहे, भामरागडकडचा आहे, खामगावची आहे, वेगवेगळ्या विद्यापीठांतले लोक, आणि रडगाणं सगळ्यांचं थोड्याफार फरकानं हेच आहे.

मागच्या महिन्यात परिपत्रक आलं. यापुढे ऑनलाइन समुपदेशन फक्त व्हिडिओवर करावं, विद्यार्थ्याचा कॅमेरा पूर्ण वेळ चालू असावा, प्रत्येक सेशनचा एक स्क्रीनशॉट तारीख, वेळ आणि लोकेशनसकट महिन्याच्या रिपोर्टला जोडावा, आणि जे सेशन असं नसेल ते मानधनासाठी धरल्या जाणार नाही. मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसली. दुसऱ्यांदा वाचताना चहा तसाच थंड झाला. तीन ईमेल पाठवले, उत्तर नाही, विभागात फोन केला तर "मॅडम, साहेब मीटिंगमध्ये आहेत", म्हणून मग हे उघडच लिहून राहिली.

आधी तुमची बाजू. मला समजते की कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात विद्यार्थ्यांना काय मदत केली त्याचे पुरावे मागतात, जिओटॅगवाले, म्हणजे जागेची नोंद असलेले, फोटो लागतात, वृक्षारोपणाचा फोटो, योगा दिनाचा फोटो, मग समुपदेशनाचाही फोटो पाहिजे असं कोणाच्या तरी डोक्यात आलं असेल. आणि खोटं कशाला बोलू, काही ठिकाणी घरी बसून पन्नास-पन्नास सेशन कागदावर दाखवणारे लोकही आहेत, त्यांना चाप बसलाच पाहिजे. पण झाडाचा फोटो काढला तर झाड काही बोलणं बंद करत नाही ना साहेब. पोरगी करते.

हे नुसतं बोलायचं म्हणून नाही बोलत. आमच्या ग्रुपमधल्या एकीच्या कॉलेजनं गेल्या वर्षी असाच एक स्क्रीनशॉट पुरावा म्हणून पीडीएफमध्ये घातला आणि ती पीडीएफ कॉलेजच्या वेबसाइटवर टाकली, कारण ते सगळे कागद वेबसाइटवर टाकावेच लागतात. खाली कॅप्शन, "समुपदेशन सत्र", वर पोरीचा चेहरा, स्पष्ट. तिच्या चुलतभावाला ते सापडलं. कसं सापडलं ते विचारू नका, पोट्ट्यांना सगळंच सापडते. पोरगी त्यानंतर कोणत्याच कॉलवर आली नाही, आणि परीक्षेलाही आली की नाही ते त्या मॅडमला अजून माहीत नाही. (पुढे जे किस्से सांगणार आहे त्यातले गाव, विषय, वय, सगळं मी इकडचं तिकडे करून टाकलं आहे, त्यामुळे कोणी शोधत बसू नये.)

आता कॅमेऱ्याचं सांगते, कारण मला वाटते की तुमच्यापैकी कोणी असं सेशन घेतलेलंच नाही, मीटिंगा घेतल्यात. मीटिंगमध्ये कॅमेरा चालू ठेवणं आणि रडताना कॅमेरा चालू ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

2020 च्या मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा आम्हाला हे काम व्हिडिओवर कसं करायचं ते कोणी शिकवलं नव्हतं. डाळीच्या डब्याला मोबाइल टेकवून सुरुवात केली. आमच्या कामात डोळ्यात बघून ऐकणं हे अर्ध काम असते, आणि व्हिडिओवर नेमकं तेच होत नाही. पोराच्या डोळ्यात बघायचं म्हणून मी स्क्रीनकडे बघितलं तर त्याला वाटते मॅडम खाली बघून राहिल्या, त्याला बरं वाटावं म्हणून कॅमेऱ्याच्या भोकात बघितलं तर त्याला बरं वाटते पण मग मला तोच दिसत नाही. दोन वर्ष तर मी ह्याच झंझटीत होती की नेमकं बघायचं कुठे. शेवटी पोरालाच सांगायला लागली, की बाबू मी खाली बघितली तर समजायचं तुलाच बघून राहिली, मोबाइलवर दुसरं काही करून नाही राहिली.

आणि दुसरं म्हणजे शांतता. समोरासमोर बसलं की पोरगं एखादं वाक्य बोलते आणि गप्प होते, तेव्हा आपणही गप्प बसायचं असते, त्या गप्प बसण्यातूनच पुढचं खरं वाक्य येते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. व्हिडिओवर मी गप्प बसली की दहा सेकंदात समोरून येते, "हॅलो? मॅडम? आवाज येऊन राहिला का? मॅडम तुम्ही अटकल्या." झालं, ते वाक्य गेलं ते गेलंच. आणि तो गप्प झाला की मला कळत नाही की हा रडून राहिला, विचार करून राहिला, की नेटवर्क गेलं. गंमत म्हणजे साध्या फोनवर हे कमी होते. फोनवर श्वास ऐकू येते, मागे पंख्याचा आवाज येते, कुत्रं भुंकते, तेवढ्यावरून कळते की माणूस आहे. व्हिडिओचं ॲप पुष्कळदा मागचे बारीक आवाज गोंगाट समजून कापून टाकते, मग शांतता एकदम मेल्यासारखी होते. मी तर आता सांगूनच ठेवते, मी बोलली नाही तर मी ऐकून राहिली, तुला वाटलं तर नुसतं स्क्रीनवर टकटक कर.

तिसरं, स्वतःचा चेहरा. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी 2021 मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणं मांडली त्यात हे एक होतं, की माणूस सगळा वेळ स्वतःलाच आरशात बघत बसते. मला ते वाचायच्या आधी एका पोरीनं शिकवलं. तिच्या चेहऱ्यावर कोडाचे डाग होते. पाहायला आलेली दोन स्थळं त्यावरून परत गेलेली, आणि घरी आई उठता बसता तेच. ही पोरगी सहा आठवडे माझ्याशी कॅमेरा बंद ठेवून बोलली. मी एकदाही म्हटलं नाही चालू कर. सातव्या आठवड्यात बोलता बोलता तिनं स्वतःहूनच चालू केला, दोन मिनिटं, म्हणाली, "पाहून घ्या मॅडम एकदाचं." मी पाहिलं. मग तिनं परत बंद केला आणि आम्ही तिच्या बीएडच्या फॉर्मबद्दल बोललो. पुढच्या वेळी परत बंदच होता.

साहेब, ती दोन मिनिटं कोणाला दाखवायची, कधी दाखवायची, किती दाखवायची, हे तिनं ठरवलं हेच त्या दीड महिन्याचं काम होतं. तुमचं परिपत्रक तेव्हा असतं तर पहिल्याच दिवशी मला म्हणावं लागलं असतं, की बेटा कॅमेरा लाव आणि थोडी हस, स्क्रीनशॉट काढायचा आहे.

बरं, कॅमेरा चालू करायचा म्हटला तर तो कुठे चालू करायचा? तुमच्या डोक्यात कदाचित पोरीची खोली असेल, टेबल, मागे भिंत. माझ्या पोरापोरींची घरं दोन खोल्यांची, एकीत चूल नि एकीत बाकी सगळं. एक पोरगी गुरांच्या कोठ्यातून बोलते, म्हैस मध्येच मान हलवते तर घंटी वाजते आणि आम्ही दोघीही हसतो. एक जण शाळेच्या मागच्या ओट्यावरून. एकीचं ठरलेलं आहे की संध्याकाळी शेण्या आणायला जायचं तेव्हा कॉल, वीस मिनिटं, त्याच्यावर गेलं तर आई आवाज देते. एकजण हरभऱ्याच्या जागलीवर असतो डिसेंबर-जानेवारीत, रात्री मचाणीवर एकटा, रोही (नीलगायी) नि डुकरं हाकलायला, तो म्हणे, "मॅडम दिवसभरात तेवढाच टाइम माझा आहे." मग काय, रात्री दहाला सेशन. अंधारात कॅमेरा चालू करून काय दिसणार होतं, बॅटरी लावली तर जनावर येत नाही पण बाजूच्या वावरातला काका येते विचारायला, कोणाशी बोलून राहिला रे.

आणि एक जागा तर मला जन्मभर आठवण राहील. 2022 मध्ये कापूस दहा हजाराच्या वर गेला होता, तुम्हाला आठवत असेल, त्यामुळे त्याच्या पुढच्या हंगामात लोकांनी भाव येईल येईल म्हणून कापूस विकलाच नाही, घरातच भरून ठेवला, खाटा बाहेर नि कापूस आत. भाव काही आला नाही. एका पोराच्या घरी एक खोली छताला लागेपर्यंत भरली होती, आणि तो त्या गंजीत खळगा करून त्यात बसून बोलायचा. कापसात आवाज अडकते ना, बाहेर सपरीत बसलेल्या बापाला काही ऐकू जात नव्हतं, आणि मला त्याचा आवाज असा येत होता जसा रेडिओ स्टेशनमधून येते. अंगाला खाज सुटायची त्याच्या, बोलता बोलता खाजवत राहायचा. बोलायचा बापाच्याच कर्जाबद्दल. ज्या कापसामुळे घरात भांडणं होती त्याच कापसात बसून. मे महिन्यात कापूस पडत्या भावात विकला गेला आणि त्याची बोलायची जागाही गेली, त्यानंतर तो दोनदाच बोलला, तेही बसस्टँडवरून, हो-नाही एवढंच.

लोकेशनसकट स्क्रीनशॉट पाहिजे ना तुम्हाला. कोणत्या गंजीचं लोकेशन पाठवू.

मोबाइलचंही तसंच. फॉर्मवर पोरीचा नंबर असते, फोन भावाचा असते. व्हॉट्सॲपवर "समुपदेशन सत्र उद्या 4 वाजता" असा मेसेज पाठवला की तो आधी भाऊ वाचते, मग घरात विचारपूस, तुला काय झालं, कोणाशी काही आहे का. मी पहिल्या वर्षी हा गाढवपणा केला, एका पोरीचं कॉलेजच बंद व्हायच्या बेतात आलं होतं, तिच्या मामांना मी कॉलेजच्या ग्रंथालयाची मॅडम म्हणून फोन करून सावरलं. (खोटं बोलली, हो. परत बोलेन.) आता आमचे शब्द ठरलेले आहेत. "असाइनमेंट झाली का" म्हणजे बोलता येते का. "पीडीएफ उघडत नाही" म्हणजे कोणीतरी बाजूला आहे. "सर रागावले" म्हणजे घरी मारहाण झाली. पोरीच ठरवतात, माझ्यापेक्षा जास्त डोकं चालते त्यांचं. कोणी आलं की त्या एकदम म्हणतात, "हो मॅडम, तिसऱ्या युनिटचं समजलं", आणि मीही तिसरं युनिट समजावते, एकदा तर मी पंधरा मिनिटं मागणी-पुरवठ्याचा नियम समजावला, मला स्वतःला अर्थशास्त्र येत नाही.

धारणीकडच्या माझ्या मैत्रिणीचं तर उलटंच आहे. तिकडे पोरांच्या घरात कोरकू बोलतात, आजीला मराठी फारशी येत नाही, त्यामुळे पोरगं आजीच्या शेजारी बसून मराठीत मनातलं सगळं सांगून टाकते आणि आजी कौतुकानं बघत राहते, की नातू किती शिकला. आमच्याकडे वऱ्हाडी घरात मराठीचा आडोसा नाही, तर पोरी मोडक्या इंग्लिशमध्ये बोलायला बघतात. "मॅडम, माय ब्रदर व्हेरी प्रॉब्लेम." त्यात काय सांगता येणार कोणाला काही. अशा वेळी मी म्हणते की आवाज बंद कर आणि चॅटमध्ये लिही, मी बोलते, तू लिही. अख्खं सेशन असं होते, माझा आवाज आणि तिची अक्षरं. मी आतापर्यंत जी काही चांगली सेशन घेतली असतील त्यातली तीन-चार अशी आहेत, आणि तुमच्या नियमानं ती झालीच नाहीत.

नेटवर्क नि डेटाचं मी जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. लाइन गेली की थोड्या वेळात टॉवरही बसते. रोजच्या दीड जीबीत घरातले तीन जण, आणि तासभराचा व्हिडिओ अर्धा जीबी तरी सहज खाते, तेवढ्याच वेळाचा साधा फोन फुकट. झूमच्या फुकटातल्या मीटिंगला 40 मिनिटांची कात्री. पेड अकाउंट मागितलं होतं तीन वर्षांपूर्वी, फाइल कुठे आहे देवाला माहीत.

पण एक किस्सा सांगतेच, कारण त्याच्यावरून कळेल की आम्हाला खरी भीती कशाची वाटते. फोटोची नाही.

एक पोरगा होता, बीएस्सीचा, दोन विषय राहिलेले, मोठ्या भावाशी बोलणं बंद, झोप नाही, असं सगळं. व्हिडिओवर होता. बोलता बोलता म्हणाला, "मॅडम, आता मले..." आणि स्क्रीन काळी. कॉल गेला. परत लावला, लागत नाही. साधा फोन, स्विच ऑफ. साहेब, आमच्याकडे घराघरात फवारणीचं औषध ठेवलेलं असते, हे काही मी नव्यानं सांगायला नको. माझ्याकडे त्याच्या घरचा दुसरा नंबर नव्हता. गावाचं नाव होतं, घर माहीत नव्हतं. मी कॉलेजच्या शिपाई काकांना फोन केला, ते बाजूच्या गावचे, ते जेवणाच्या ताटावरून उठले आणि गाडीला किक मारली. मी 108 लावू की 112 लावू, हातात फोन घेऊन अंगणात चकरा मारून राहिली. चाळीस मिनिटं. मग काकांचा फोन, हसून राहिले, म्हणे मॅडम घ्या बोला, पोट्टा चिवडा खाऊन राहिला. लाइन गेली होती, मोबाइलची बॅटरी आधीच लाल झालेली, बंद पडला. आणि तो जे बोलत होता ते वाक्य काय होतं तर, "मॅडम, आता मले भूक लागून राहिली."

त्या रात्री मी जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून एक नियम केला, की पहिल्या कॉलला आधी विचारायचं, आत्ता नेमका कुठे आहेस, घराजवळ ओळखीची खूण काय, एक मोठं माणूस सांग ज्याला मी अगदीच गरज पडली तर फोन केला तर तुला चालेल, जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं, कॉल तुटला तर मी कोणत्या नंबरवर किती मिनिटांनी लावणार. हे सगळं एका वहीत, कोड नंबर टाकून, ती वही कुलपात. घरी औषधाचा डबा असेल तर तो कोणाकडे, कुलूप आहे का, हेही विचारते, सरळ विचारते. लोकेशन मलाही पाहिजे असते साहेब. पण ते त्याला गरज पडली तर मदत पोचावी म्हणून पाहिजे असते, आणि ते माझ्या कुलपात राहते. परिपत्रकात या सगळ्याबद्दल एक ओळ नाही. कॉल तुटला तर काय करायचं, रात्री कोणाला उठवायचं, कोणत्या मानसोपचार डॉक्टरकडे पाठवायचं, काहीच नाही. स्क्रीनशॉट कोणत्या फॉरमॅटमध्ये पाहिजे ते मात्र आहे, जेपीजी.

आता कोणी म्हणेल की मॅडमला व्हिडिओच नको. तसं नाही. व्हिडिओ नसता तर माझी निम्मी पोरं माझ्यापर्यंत पोचलीच नसती. कॉलेजं 20 ऑक्टोबर 2021 ला उघडली आणि पंधरा दिवसात एसटीचा संप पेटला, एप्रिलपर्यंत गाड्या नाही, त्या सहा महिन्यांत ज्या पोरी घरी अडकल्या त्यांना मोबाइलशिवाय दुसरं कोण होतं. आणि कॉलेजमध्ये आम्हाला खोली कुठे दिली आहे ते येऊन बघा एकदा, स्कॉलरशिपच्या खिडकीच्या बरोबर बाजूला, शंभर पोरं लाइनमध्ये उभी, आणि दारावर पाटी "समुपदेशन कक्ष". त्या दारातून आत जायला वाघाचं काळीज लागते. मला कॉलेजात नाव पडलं आहे "पागलवाली मॅडम", माझ्याच समोर बोलतात, मीही आता रागावत नाही. तर त्या दाराच्या मानानं मोबाइल बरा. व्हिडिओचा मला एक फायदा असाही झाला की घर दिसते, भिंतीवर हार घातलेला फोटो दिसते, मागून कोण कशा आवाजात बोलते ते ऐकू येते, एका पोराच्या मागे सारखा एक दीड-दोन वर्षाचा जीव रांगत यायचा, मला वाटलं भाचा असेल, तीन सेशननंतर कळलं की बहीण सासरहून परत आली आहे, कायमची, आणि घरातला खरा विषय तो होता. समोरासमोर बसून हे मला सहा महिने कळलं नसतं. म्हणून व्हिडिओ पाहिजेच. फक्त पोराला पाहिजे तेव्हा.

केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, 14416, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली ती आवाजावरच, मराठीतही बोलता येते तिच्यावर. व्हिडिओची सोय तिच्यात दोन वर्षांनी आली आणि तीही आधी मोजक्याच राज्यांत. 2020 च्या मार्चमध्ये डॉक्टरांसाठी टेलिमेडिसिनचे जे नियम निघाले त्यातही व्हिडिओ, आवाज आणि लिखाण, तिन्ही मार्ग धरलेत. म्हणजे दिल्लीला फोनवरचं बोलणं चालते, आपल्या विद्यापीठालाच चालत नाही. आणि मानसिक आरोग्य कायदा 2017 चा, त्याच्या 23 व्या कलमात गोपनीयतेचा हक्क लिहिला आहे. तो शब्दशः कॉलेजच्या समुपदेशनाला लागू होते की नाही यावर वकील भांडतील, मी वकील नाही, पण त्याच्यामागचा विचार समजायला वकील लागत नाही. 2025 च्या जुलैत सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता पाहिजे. माझ्या पाच कॉलेजांत मिळून किती विद्यार्थी आहेत ते तुमच्याच पोर्टलवर आहे, भागाकार तुम्हीच करा. तो विषय काढला तर हे पत्र संपणारच नाही, म्हणून सोडते.

तर मला पाहिजे काय. स्क्रीनशॉटचं कलम काढून टाका, आधी काढलेले जे कुठे कुठे वेबसाइटवर पडले आहेत ते शोधून उतरवायला सांगा, हे तर आजच्या आज होऊ शकते, एका फोनचं काम आहे. फोनवरचं, चॅटवरचं सेशन सेशन म्हणून धरा. पुरावा पाहिजे तर कोड नंबर, तारीख आणि किती मिनिटं बोललो एवढं घ्या, आणि शंका असेल तर दुसऱ्या एखाद्या समुपदेशकाला, जो स्वतः हे काम करते अशाला, माझी वही तपासायला पाठवा, क्लार्कला नाही. मी वही उघडून दाखवेन, नावं झाकून. खोटी सेशन दाखवणारा त्यात बरोबर सापडते, कारण खोट्या सेशनच्या नोंदी सगळ्या एकसारख्या असतात, खऱ्या माणसाच्या कधीच नसतात. आणि कॉलेजात एक खोली द्या जिथे वायफाय आहे, दाराला आतून कडी आहे आणि बाहेर पाटी नाही, म्हणजे ज्या पोरीच्या घरी जागा नाही ती कॉलेजातल्या त्या खोलीत बसून मोबाइलवर माझ्याशी बोलेल, मी दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात असली तरी. ही आयडिया माझी नाही, एका बीकॉमच्या पोरीची आहे. ती म्हणे, "मॅडम, कडी पायजे फक्त, बाकी काही नको." रात्री अडचण आली तर कोणत्या डॉक्टरला फोन करायचा त्याचा एक नंबर द्या, जो उचलल्या जाते. मानधन वेळेवर मिळालं तर बरं, पण ते मी सगळ्यात शेवटी लिहून राहिली, हे ध्यानात घ्या.

माझा या महिन्याचा रिपोर्ट सोमवारी पाठवला. एकतीस सेशन. त्यातली अकरा कॅमेऱ्यावर, चौदा साध्या फोनवर, सहा चॅटवर. स्क्रीनशॉट शून्य. अकाउंटवाल्या भाऊंनी फोन करून सांगितलं की मॅडम स्क्रीनशॉटचं जोडपत्र 'ब' रिकामं आहे, बिल अडकेल. मी म्हटलं अडकू द्या.

आज साडेचारला एकीचा फोन येणार आहे, कॅमेरा बंद राहील. चारला आमच्याकडची लाइन जाते, म्हणून मोबाइल आत्ताच चार्जिंगला लावला आहे. ती येईल की नाही माहीत नाही, मागच्या आठवड्यात "पीडीएफ उघडत नाही" म्हणून ठेवला होता.

आपली,
एक कंत्राटी समुपदेशक
(नाव तुमच्या रजिस्टरला आहे)